सासूबाई सकाळी सकाळी सटकल्या

४ जून

मशीनबाई,

तुमचं पार्सल पोचलं. आशीर्वादाचं नंतर बघू, आधी कामाचं बोलू. आमच्या पिढीत क्रम असाच असतो.

खोक्यातून कवळी निघाली. तुझ्या आईनं ते खोकं माझ्यासमोर उघडलं नाही, स्वयंपाकघरात नेऊन उघडलं. त्यावरूनच समजलो की हे तुम्हा दोघींचं आधीपासून शिजत होतं. विचारल्यावर सगळं बाहेर आलं. गेल्या महिन्यात तू आलीस तेव्हा मी दुकानात होतो. तू तिच्या तोंडात कसलीशी कांडी फिरवलीस, कॉम्प्युटरवर तिचं तोंड उमटलं आणि झालं तुझं माप. मेण नाही, प्लास्टर नाही. मी माप घेतो तेव्हा माणूस गुदमरतो, त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, खुर्चीचा हात घट्ट धरतो. तुझ्या कांडीनं म्हणे आईला गुदगुल्या झाल्या. गुदगुल्या करून घेतलेल्या मापाची कवळी मी आजवर पाहिली नव्हती, तीही पाहिली.

तू चिठ्ठीत लिहिलंयस की आईचं वजन उतरत चाललंय, डॉक्टर म्हणाले तिला नीट चावून खाता आलं पाहिजे, म्हणून हे केलं. म्हणजे ती उपाशी आहे ती माझ्यामुळे. स्पष्ट लिहायचं होतंस, मी काही लोण्याचा नाही.

या गावात जेवढी म्हातारी माणसं हसतात, त्यातली निम्मी माझ्या दातांनी हसतात. मी कवळीवाला आहे, माझ्या दुकानावर दुसरं काही लिहिलेलं नाही. तुलाही त्याच बाकावर बसवून शिकवलं. पहिल्याच आठवड्यात वितळलेलं मेण मनगटावर सांडलं म्हणून तू रडायला लागलीस. मी काय म्हणालो ते आठवतं? सवय होईल. माझ्या गुरूनं मला हेच सांगितलं होतं, तेही प्लास्टरचा वाडगा डोक्यात घातल्यावर. भुवईवरची खूण अजून आहे. मी त्या माणसाला दरवर्षी जाऊन नमस्कार करत होतो, तो मरेपर्यंत. तू मात्र बाक सोडून शहरातल्या लॅबमध्ये गेलीस. तिथं सहा वाजले की दिवे बंद करतात आणि मन उदास असेल तर सुट्टी मिळते. मन उदास असेल तर! माझं मन उदास आहे की नाही हे बघायला मला कधी वेळच मिळाला नाही, आणि त्याच न मिळालेल्या वेळातून तुझं शिक्षण झालं.

माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की मी आधीच सांगतो, कवळी टोचणार. हिरडी लाल होणार, जीभ सोलणार. मग सवय होईल. कुणी परत येऊन कुरकुर केली तर पुन्हा तेच सांगतो. पुष्कळ लोक तिसऱ्यांदा येत नाहीत, म्हणजे सवय झालेली असते. तू एकदा जेवताना म्हणाली होतीस, "बाबा, दुखतंय म्हणजे आपलं चुकलंय." त्या दिवशीच मला कळलं होतं की तू या धंद्यात टिकणार नाहीस.

आईनं ती घातली. आरशात बघितलं. संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत होतो आणि आतून कराकरा आवाज आला. जाऊन पाहतो तर बाई सफरचंद खातायत. फोडी न करता, अख्खं, बाजूनं चावा घेऊन. माझ्याकडे बघून हसली आणि रस हनुवटीवरून ओघळला. या वयात शोभत नाही, असं मी म्हटलं.

तुझा बाप


१९ जून

मशीनबाई,

तुझा मेसेज शेजारीणबाईंनी वाचून दाखवला. तीन ओळी होत्या. पत्राला पत्रानं उत्तर द्यावं एवढीही मेहनत तुमच्याच्यानं होत नाही.

आई कशी आहे विचारलंस. तुझी आई बोलते आहे. सकाळी उठल्यापासून बोलते. मला वाटायचं ती मुळात अबोल आहे, लग्नानंतर दोन-चार वर्षं काय बोलली असेल तेवढीच. आता शेजारीणबाईंशी जिन्यात उभी राहून बोलते, भाजीवाल्याशी घासाघीस करते, परवा मी बातम्या ऐकत होतो तर माझ्याशी वाद घातला. तोंडासमोर रुमाल धरायची सवय होती तिला, तो रुमाल आता धुवून कपाटात ठेवून दिलाय. तू म्हणशील, दुखायचं म्हणून बोलत नव्हती. मी म्हणतो, काही माणसांना गप्प राहणं शोभतं.

आईची पहिली कवळी कुणी केली होती हे तू विसरलीस असं दिसतं. तुझ्या जन्मानंतर तिच्या हिरड्या गेल्या, दात हलायला लागले. दातांचे डॉक्टर म्हणत होते, समोरचे पाच-सहा चांगले आहेत, ते राहू द्या, बाकीचे बसवू. मी म्हटलं सगळे काढा. अर्धवट काम मला आवडत नाही, पूर्ण कवळीच नीट बसते, आणि घरात कवळीवाला असताना बायकोच्या तोंडात ठिगळं कशाला? तिला विचारलं का, असं तू मागे एकदा विचारलं होतंस. यात विचारायचं काय होतं? सराफ आपल्या बायकोला सोनं चालेल का, असं विचारत बसतो का?

ती माझी सगळ्यात चांगली कवळी. तिच्यावर माझं दुकान चाललं. नवीन गिऱ्हाईक बिचकायला लागलं की मी आईला दुकानात बोलावत असे. ती खुर्चीत बसायची, हसून दाखवायची आणि आमचं ते वाक्य म्हणायची, सासूबाई सकाळी सकाळी सटकल्या. हे वाक्य माझ्या गुरूचं. कवळीत काही खोट असेल तर ती 'स'मध्ये सापडते. हवा निसटली की शिट्टी वाजते, जीभ अडली की 'स'चा 'श' होतो. लोक खो खो हसायचे आणि खिशात हात घालायचे. आईच्या 'स'ला थोडी शिट्टी होती, पण ती जिभेची खोड, मी गिऱ्हाइकांना तसं सांगत असे.

गेल्या सोमवारी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई दुकानात आल्या. त्यांच्याकडे माझीच कवळी आहे. नेमकी आई माझा डबा घेऊन आली आणि बाईंनी तिला ते वाक्य म्हणायला लावलं. आईनं म्हटलं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, यांचं काही नवीन केलंय का? आम्हालाही तसंच करून द्या." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीत बसलेल्या माझ्या बायकोच्या तोंडात माझं काम नाही, हे मी माझ्या तोंडानं सांगू?

तुझी ती वस्तू मी हातात घेऊन पाहिली. आई झोपताना काढून पेल्यात ठेवते, तेव्हा. वजनाला काही नाही. आतून बाहेरून सारखीच गुळगुळीत, कुणाचा हातच लागलेला नाही. माझ्या कामावर माझा हात दिसतो. मी डावखुरा, माझी कानस डावीकडून फिरते, तिचे ओरखडे उलट्या बाजूला तिरपे जातात. गुरू म्हणायचा, लाखात तुझं काम ओळखेन, मग कितीही पॉलिश कर. तुला हे बाकावर बसवून दाखवलं होतं, तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस.

हल्ली मी सकाळी लवकर उठतो. आई उठायच्या आत माझी बरीच कामं होतात.

तुझा बाप


२ जुलै

मशीनबाई,

मी बोललो नव्हतो?

टोचायला लागली. उजवीकडे, आतल्या बाजूला. चार दिवस आई काही बोलली नाही. मग परवा ताटावरून उठली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही. तोंड उघडायला लावलं. हिरडीवर लाल चट्टा आणि मधोमध पांढरा फोड. तुमच्या मशीनची करामत. मी कपाटातून तिची जुनी, माझ्या हातची कवळी काढली, धुतली आणि तिच्यासमोर ठेवली. तिनं घातली.

आता घर पुन्हा पहिल्यासारखं आहे. बातम्या नीट ऐकू येतात.

शेजारीणबाईंकडे तुझा फोन येऊन गेला हे आईनं सांगितलं. तू म्हणालीस, कवळी परत पाठवा, कुठं दाब पडतो ते बघते, दोन दिवसांत दुरुस्त होईल. काही गरज नाही. दुरुस्त करायला मुळात काम झालेलं असावं लागतं. तुम्हा मुलांचं हेच आहे, चुकलं की बटण दाबून पुन्हा करायचं. आम्हाला पुन्हा करायला मिळायचं नाही, म्हणून आम्ही पहिल्यांदाच जीव ओतायचो. तू एकदा एक दाढ वाकडी लावलीस तेव्हा मी गिऱ्हाइकासमोर ती कवळी कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. तू दिवसभर जेवली नाहीस. पण पुढची दाढ सरळ आली की नाही? तुझ्या लॅबमधल्या साहेबानं तुझ्यासाठी असं कधी काही केलंय? तो म्हणे तुला "छान प्रयत्न" म्हणतो. प्रयत्न कुणी तोंडात घालून जेवत नाही.

आई थोडी गप्प आहे. जखम भरेपर्यंत माझी कवळीही टोचते तिला, त्यामुळे पातळच खाते. दूध, पेज, असलं काही. मी सांगितलंय, सवय होईल.

तू येऊ नकोस. उगाच रजा वाया जाईल, आणि तुमच्या रजा मोजक्या असतात असं ऐकून आहे.

तुझा बाप


१७ जुलै

मशीनबाई,

न सांगता येण्याची पद्धत तुमच्यात चांगली मानतात का?

मी दुकानातून घरी आलो तर तू टेबलाशी बसलेली. पाणी घेतलं नव्हतंस, चप्पलही पायात होती. आई समोर बसली होती, गालाला फडकं लावून. तू तिला डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतंस. जखम चिघळली आहे, अंगात ताप आहे, आठवडाभर तोंडात कुठलीच कवळी घालायची नाही, असं तू मला सांगितलंस, जसं एखाद्या परक्या माणसाला सांगावं. मी म्हटलं, तुझ्याच मशीनचं देणं आहे हे.

तू टेबलावरचा दिवा जवळ ओढलास, तू केलेली ती कवळी उलटी धरलीस आणि आतून अंगठा फिरवलास. पुढे आणि मागे, सावकाश. मी तुला तसं करताना पाहिलं आणि मला आठवलं की अंगठा असा मीच फिरवतो. तू कधी पाहिलंस कोण जाणे, तू तर खिडकीबाहेर बघायचीस.

"बाबा, आत हे ओरखडे कसले?" तू विचारलंस.

मी म्हटलं, मशीनचे असतील.

"मशीन डावखुरं नसतं," तू म्हणालीस.

एवढंच. मला वाटलं होतं तू ओरडशील, काहीतरी फेकशील. त्याची मला सवय आहे, माझं आयुष्य तशाच माणसांत गेलं. तू ती कवळी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलीस, आणि आईनं माझ्याकडे पाहिलं.

तुला काय वाटायचं ते वाटो. कुठल्याही कामावर शेवटचा हात फिरवावा लागतो, मशीनच्या कामावर तर फिरवावाच लागतो. मला आतली कड जरा जाड वाटली. मी हात फिरवला. त्यात कुठं कमी-जास्त झालं असेल, तर डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. आईच्या तोंडाचा मला तुझ्यापेक्षा जास्त अनुभव आहे. आणि समज, मी मुद्दाम केलं असतं, तर माणसाला आपल्या घरात आपल्या कामाची थोडी लाज राखावीशी वाटू नये? जिच्या हसण्यावर माझं दुकान उभं राहिलं, ती बाई दुसऱ्याच्या दातांनी माझ्यासमोर सफरचंद खाते, आणि मी काय करायचं होतं? टाळ्या वाजवायच्या होत्या?

तुझ्या आईनं त्यावर काय केलं ते तू पाहिलंसच. वाद नाही, रडणं नाही. आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली, म्हणजे ती आधीच भरलेली असणार. जाताना बेसिनपाशी थांबली. माझी कवळी तिनं पेल्यात ठेवली होती, त्या पेल्यातलं पाणी बदललं आणि तो माझ्या दाढीच्या सामानाशेजारी नीट ठेवला. बिनदातांची तिची हनुवटी नाकाला लागली होती. तिला मी बिनदातांची फार वर्षांनी पाहिली, झोपताना दिवा आधी तीच बंद करते.

मी तिला म्हटलं, अशी बाहेर जाणार? लोक काय म्हणतील?

ती अशीच गेली. जिन्यात शेजारीणबाई उभ्या होत्या, त्यांच्याशी थांबून दोन शब्द बोललीसुद्धा.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. तू माझा हात ओळखलास. लाखात ओळखलास. म्हणजे तुला शिकवलं ते अगदीच पाण्यात गेलं नाही.

आठवडाभरानं आईला परत आणून सोड.

तुझा बाप


९ ऑगस्ट

पोरी,

आठवडा होऊन बरेच दिवस झाले.

हे पत्र तू आईला वाचून दाखव किंवा दाखवू नकोस, तुझी मर्जी. दुकान उघडतो मी रोज. मुख्याध्यापिकाबाई पुन्हा येऊन गेल्या, त्यांची कवळी रुमालातून काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, बरीच वर्षं सहन केली, आता वय झालं, आता सहन होत नाही. मी म्हटलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही ऐकून घेणाऱ्यातले वाटला नाहीत." एवढी शिकलेली बाई, पण बोलायची रीत नाही. त्यांनी तुझ्या लॅबचा पत्ता मागितला. मी दिला नाही. शेजारीणबाईंनी दिला.

नवीन गिऱ्हाईक आलं तर खुर्चीत बसून ते वाक्य म्हणून दाखवायला कुणी नाही. मी एकदा स्वतः म्हणून दाखवलं. माझे दात माझे आहेत, सगळे शाबूत, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही. तो माणूस विचार करतो म्हणाला आणि गेला.

घरातलं सांगायचं तर घर खायला उठतं. हे लिहिताना मला हसू आलं, दातांच्या धंद्यातल्या माणसानं असं लिहावं. स्वयंपाक मी करतो, त्याची चव मीच घेतो. बातम्या मोठ्यानं लावतो. तिचा तो पेला अजून बेसिनवर आहे. पाणी बदलतो. कवळी कोरडी पडली तर तडकते, म्हणून बदलतो, दुसरं काही नाही. परवा ती हातात घेतली आणि आतून अंगठा फिरवला, सवयीनं. उजव्या बाजूला मागे एक उंचवटा लागला. मूळचाच असणार, नंतर तयार व्हायला ते काही झाड नाही. कानस घेतली आणि परत ठेवून दिली. तोंडच नाही समोर, तर कशाला जुळवून बघणार?

म्हणून मी रविवारी शेजारीणबाईंचा फोन मागून घेतला. तू उचललास आणि काही न बोलता आईकडे दिलास, ते बरं केलंस. तू काही बोलली असतीस तर मीही बोललो असतो आणि मूळ काम राहून गेलं असतं.

मी विचारलं, ताप उतरला का? ती हो म्हणाली. खातेस का? हो म्हणाली. मागे तुझ्या घरात कुणीतरी हसत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, कधी येतेस? पलीकडे भांडी वाजतच राहिली. तेव्हा मी नको ते बोललो. म्हटलं की झोप लागत नाही, ताट एकट्यासाठी वाढून घेताना हात थांबतो, घरात आवाज नाही, आणि या वयात मला हे जमायचं नाही. एवढं मी कुणापुढे कधी बोललेलो नाही, माझ्या गुरूपुढेसुद्धा नाही. शेजारीणबाई उठून आतल्या खोलीत गेल्या.

तुझ्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "सवय होईल."

आणि फोन ठेवला.

तू नवी करून दिलीस तिला, हे मला कुणी सांगायची गरज नाही. माझे डोळे गेले असतील, कान गेलेला नाही. आयुष्यभर मी लोकांचा 'स' ऐकत आलो. शिट्टी नव्हती, हवा निसटली नाही, जीभ कुठं अडली नाही.

स स्वच्छ होता.

तुझा बाप